भिमाजी ओव्हाळांचे हेलकावे

मोटार दुपारी दोनला आली, इथंच सगळं बिनसलं. पहाटे सहाला आली असती तर भिमाजी ओव्हाळांना ऐकू येतं का, असं विचारायची वेळ कुणावर आली नसती.

अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना. दौंडहून कुरकुंभकडे निघालं की डाव्या हाताला भीमातीर सूरपेटी वर्क्सची शेड लागायची. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचं. आत अकरा माणसं विजेवरच्या सूरपेट्या बनवत. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, बटण दाबलं की सूर सुरू. भाता नाही, हात दुखणं नाही. भजनी मंडळं, कीर्तनकार, गाण्याचे मास्तर असं गिऱ्हाईक. मालक साहेबराव शितोळे वरवंडचा, बागायतदाराच्या घरातला. उसात मन रमेना म्हणून पुण्याला जाऊन रेडिओचं काम शिकला आणि घरच्यांच्या शिव्या खात हा कारखाना काढला.

मोटारीतून दोघं उतरले. एक वसावडा, मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीचे साहेब. ती कंपनी स्वतः काही बनवत नसे; बनवणाऱ्यांना विकत घेई. गेल्या वर्षी तिनं एक पंख्यांचा कारखाना घेतला होता, यंदा तिला वाद्यं हवी होती. दुसरा कर्णिक, तिशीतला इंजिनिअर, हातात मीटर. कराराचे कागद तयार होते. तयार माल तपासायचा आणि सह्या करायच्या, एवढंच राहिलं होतं.

कोपऱ्यात चाळीस पेट्या रचलेल्या होत्या. चाळीसही भिमाजींनी लावलेल्या. सूर लागला की आतल्या स्क्रूवर लाखेचा ठिपका द्यायचा, म्हणजे कुणी हलवू नये, ही त्यांची रीत.

कर्णिकनं पहिली पेटी मीटरला जोडली, काटा पाहिला, आकडा लिहिला. दुसरी जोडली. अकराव्या पेटीनंतर त्यानं लिहायचं थांबवलं आणि उरलेल्या नुसत्याच बघून बाजूला ठेवल्या.

"शितोळे, सगळ्यांचा सूर हवा त्यापेक्षा चढा आहे. दोनचार असत्या तर समजू शकलो असतो. चाळीसच्या चाळीस?"

"ट्यूनिंग कोण करते?" वसावडांनी विचारलं.

साहेबरावानं मान वळवली. माठाजवळच्या बाकावर भिमाजी बसले होते. छप्पन वर्षांचे, सडपातळ, अंगात धुतलेला सदरा, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा.

"त्यांना नीट ऐकू येतं ना?" कर्णिक म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती. डॉक्टर विचारतो तसं विचारलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

कथलानं तारा डागणारी धुरपदा हातातली डागणी खाली न ठेवताच म्हणाली, "तुमच्या मीटरला इचारा आदी, त्येला ऊन लागलंय का ते!"

दोघंतिघं हसले. साहेबराव हसला नाही. "धुरपदा, गप बस," तो म्हणाला, आणि मग वसावडांकडे वळून, जरा हळू, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, "माणूस बदलू साहेब. वय झालंय त्यांचं."

भिमाजींनी ते ऐकलं. ते उठले, तांब्याभर पाणी प्याले, चपला घातल्या आणि उन्हातून घरी गेले. एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण ते वाक्य त्यांनी चार वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, साहेबरावालासुद्धा.

त्यालाही कारण होतं.

भिमाजींचा जन्म शिरूर तालुक्यातला, घोड नदीच्या काठच्या एका गावातला. बाप गावकीची कामं करायचा. गावाच्या बाहेर घर, शाळेत पडवीत बसून चार इयत्ता. पंधराव्या वर्षी ते एका जलशात गेले. बाबासाहेबांचा विचार गाण्यातून सांगत हा जलसा वस्त्यावस्त्यांतून फिरायचा, आणि त्यात पेटी वाजवायचे कोंडिबा मास्तर. पेटीच्या पत्त्या घासून सूर लावावा तर मास्तरांनीच. पण लावायला बसले की ते पाठ फिरवत. बोटं चालत, सूर ऐकू येई, पण काय चाललंय ते दिसत नसे.

"मास्तर, शिकवा की," भिमाजी म्हणायचे.

"शिकीव म्हंजी?" मास्तर पाठमोरेच बोलत. "लेका, जमीन न्हाई, बैल न्हाई. येवडी एक गोष्ट हाय माझ्याकडं. ती दिली तर उद्या मला कोन इचारंल?"

भिमाजी त्या पाठीमागे बसून ऐकत राहिले, आणि सात वर्षांत सारं कानानंच उचललं. फक्त मास्तरांच्या पेटीत एक खर्ज होता, ऐकणाऱ्याच्या छातीत उतरणारा, तो कसा लावत ते काही कळलं नाही. पुढे मास्तर पटकीनं गेले. तो खर्ज मग त्या पेटीतून पुन्हा आला नाही. भिमाजींनी सगळं करून पाहिलं, पत्त्या बदलल्या, नाही आला.

पुढं छप्पन साली धम्मदीक्षा, मग दौंडच्या रेल्वेत काही वर्षं हंगामी खलाशी, बाजाराच्या दिवशी लिंबाखाली बसून पेट्यांची दुरुस्ती. बहात्तरच्या दुष्काळात बायको सोजरबाईसह खडी फोडली. हातांना घट्टे पडले, पण कान शाबूत राहिले. चौऱ्याहत्तरला त्याच लिंबाखाली साहेबरावाला ते सापडले. साहेबराव त्यांना मामा म्हणू लागला. कारखान्यात मामा. वरवंडच्या घरी काही निरोप घेऊन गेले की तेच भिमाजी होत, आणि चहा ओट्यावर येई.

पहिल्या पेट्या साहेबरावानं उसनं मीटर आणून लावल्या होत्या. त्या महिन्याभरात परत आल्या. कासुर्डीच्या भजनी मंडळाचा म्होरक्या पेटी टेबलावर आदळून म्हणाला होता, "दिवसा गाती आन् रातच्याला रडती तुमची पेटी. आमचा पेटीवाला म्हनतो मी खरा, ही म्हनती मी खरी. आमी गावं कुनामागं?"

भिमाजींनी ती पेटी घरी नेली. दोन महिने सकाळ, दुपार, तिन्हीसांजा तिच्यापाशी बसले. जुन्या भात्याच्या पेटीची सूर देणारी पितळी पत्ती त्यांच्याकडे होती. ती ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या सावलीत ठेवत, म्हणजे तिला ऊन बाधू नये. ती तोंडानं फुंकायची आणि शेजारी विजेची पेटी सुरू करायची. दोन सूर अगदी एक असले तर आवाज सरळ जातो. जरा वेगळे असले तर तो हेलकावतो, पाळण्यासारखा. फरक जितका जास्त तितके एका श्वासात हेलकावे जास्त. तेव्हा त्यांना कळलं: पेटी उन्हानं चढते आणि गारव्यात उतरते. भर दुपारी बरोबर लावली तर रात्री भजनाला खाली येणारच. म्हणून दुपारी ती मुद्दाम चढी लावायची. किती चढी? ते पत्रा सांगतो. शेडच्या पत्र्याला उलटा हात लावायचा आणि आकडे म्हणायचे. दहापर्यंत हात टिकला तर दोन हेलकावे. सहाला काढावा लागला तर साडेतीन. तीनलाच चटका बसला तर पाच. हात टेकवेनाच तेव्हा पेटी लावायची नाही, बिडी ओढायची.

त्यानंतर एकही पेटी परत आली नाही. ज्या देवळांशी भिमाजींना आता काही घेणंदेणं उरलं नव्हतं, त्यांच्या गाभाऱ्यापर्यंत त्यांनी लावलेला सूर जात होता. त्याचा त्यांना आनंद नव्हता, रागही नव्हता. सूर सरळ जातोय ना, एवढंच ते पाहत.

"मामा, केलंत तरी काय?" साहेबरावानं तेव्हा विचारलं होतं.

"जमतंय न्हवं? मग झालं."

पाठ कशी फिरवायची तेही ते मास्तरांकडूनच शिकले होते.

त्या दिवशी दिवेलागणीला साहेबराव भिमाजींच्या घरी आला. रुळांपलीकडच्या बौद्धवस्तीत तो पहिल्यांदाच येत होता. आल्याची वर्दी वस्तीतल्या कुत्र्यांनी दिली. दार ठेंगणं, त्याला वाकावं लागलं.

"या," सोजरबाई म्हणाल्या. "माणूस बदलायला आला का?"

"मामी..."

"अवं, मला धुरपदानं सांगितलं समदं. वय झालंय म्हनं. चार वर्सं वय न्हवतं व्हय?"

साहेबराव बसला. चहा आला, तो त्यानं घेतला. मग म्हणाला, "मामा, चुकलं माझं. पण आता ऐका. ती माणसं डाकबंगल्यात उतरली आहेत, उद्या सकाळी जाणार. असंच गेली तर सौदा मोडला. मला मुंबईहून सुटे भाग मिळेनात, परवाना मिळेना. दिवाळीपर्यंत शेडला कुलूप लागेल. अकरा माणसं घरी बसतील. त्यात धुरपदाही आली, तुम्हीही आलात."

"आन् घेतला त्यांनी, तर?"

"तर चालू राहील."

"माझ्याबिगर."

साहेबरावानं चहाचा कप बाजूला सरकवला.

भिमाजी चष्म्याचा दोरा पीळत म्हणाले, "त्यांना म्हनावं, पहाटं सा वाजता मीटर घेऊन या. ऊन चढायच्या आत."

"मीटर काय वेगळं दाखवणारे?"

"सायबराव, तुमी रेडिओ शिकला. येवडं माझं ऐका."

तो गेल्यावर सोजरबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पहाटं मीटरनं पेटी बरोबर दावली, की इचारतील कशी काय. मग सांगनार?"

"बगू."

"बगू न्हाई. सांगितलं की तुमची गरज संपली. न सांगावं तर बहिरा म्हनून घालवतील. दोन्हीकडनं तुमीच बाहेर. मग निदान गुपित तरी पदरात ठिवा."

त्या बोलल्या ते खरं होतं, आणि भिमाजींना ते दुपारीच, उन्हातून चालताना कळलं होतं.

पहाटे शेडमध्ये गार होतं. कर्णिक झोपाळलेल्या डोळ्यांनी आला, वसावडा मोटारीतच बसून राहिले. पहिली पेटी मीटरला लावली. कर्णिकनं मीटरच्या काचेवर बोटानं टिचकी मारली. दुसरी लावली. दहाव्या पेटीला त्याची झोप उडाली होती. विसाव्या पेटीला तो मोटारीकडे जाऊन वसावडांना बोलावून घेऊन आला.

"सगळ्या बरोबर आहेत," तो म्हणाला. "चाळीसही. कुणी रात्री स्क्रू फिरवले का?"

"लाख बगा की," धुरपदा म्हणाली. "कुनाच्या बापाला फिरवता येतील का त्ये?"

लाख शाबूत होती. कर्णिक भिमाजींसमोर येऊन उभा राहिला. काल विचारलेला प्रश्न त्याला आठवत असावा, कारण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुम्ही उष्णतेचा फरक आधीच धरून लावता. किती धरायचा ते कसं ठरवता?"

भिमाजींना समोर कर्णिक दिसत होता, पण त्यांच्या मनात मास्तरांची पाठ होती. चाळीस वर्षं ती पाठ त्यांनी पाहिली होती. आधी समोर, मग स्वतःच्या अंगावर. तिच्यापलीकडे एक खर्ज होता, जो आता जगात कुठंच नव्हता. मास्तरांनी तो नेला. नेऊन त्याचं काय केलं असेल? मातीत कुणाला ऐकवला असेल?

"भई, बोलो ना," वसावडा म्हणाले. "तुमची नोकरी आम्ही पाहू."

"नोकरीचं ऱ्हाऊ द्या," भिमाजी म्हणाले. मग कर्णिकला, "तुमी शिकल्याले हाय. मला खरं सांगा. मी सांगितलं तर ह्ये काम मानसाबिगर हुईल का?"

वसावडा काही बोलणार तेवढ्यात कर्णिक म्हणाला, "होईल. उष्णता ओळखणारा एक भाग मिळतो, मिरीच्या दाण्याएवढा. पेटीच्या आत टाकला की ती स्वतःच स्वतःला सावरेल. पण त्या भागाला किती सावरायचं ते सांगावं लागतं, आणि ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे."

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं भिमाजींना क्षणभर वाटलं. मग त्यांनी उठून पत्र्याच्या भिंतीकडे बोट केलं.

"दुपारी दोनला या. उलटा हात लावायची तयारी ठिवा."

दुपारी कर्णिकनं पत्र्याला उलटा हात लावला, तीन म्हणेपर्यंत ओरडला आणि हात झटकत नाचला. सगळी शेड हसली. भिमाजींनी ओल्या फडक्यातली पत्ती काढून फुंकली, पेटी सुरू केली. "मोजा," ते म्हणाले. कर्णिकला पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. चौथ्या खेपेला त्यानं डोळे मिटले आणि हळूहळू मान डुलू लागली. "पाच," तो म्हणाला. "पाच आहेत."

त्याच दिवशी सह्या झाल्या.

पण एका मे महिन्याच्या आकड्यांवर काम भागणार नव्हतं. पावसाळी दमट हवा, दिवाळीची थंडी, माघाचा गारठा, सगळ्या ऋतूंचे आकडे हवे होते. म्हणून कंपनीनं भिमाजींना वर्षभर ठेवलं. करारात स्वच्छ लिहिलं होतं: नोंदी पूर्ण होईपर्यंत. भिमाजींनी तो कागद स्वतः वाचला, दोनदा, आणि स्वच्छ अक्षरात सही केली.

वर्षभर ते दिवसातून तीनदा मोजत आणि वहीत लिहीत. महिन्यातून एकदा कर्णिक यायचा. हेलकाव्याला मीटरच्या भाषेत सोपा शब्द नव्हता, म्हणून त्यानं वहीच्या रकान्यावर नुसतंच 'ओव्हाळ' लिहून टाकलं. धुरपदाला ते फार आवडलं. सकाळी आली की हाक मारायची, "मामा, आज किती ओव्हाळ?"

"दीड."

"आन् घरी किती?"

"घरी एकच. सोजरबाईनं दीड हू दिला न्हाई अजून."

साहेबराव आता कंपनीचा पगारी मॅनेजर होता. त्याच्याच शेडवर इंग्रजी पाटी लागली होती आणि मुंबईहून फोन आला की तो खुर्चीतून उठून उभा राहून बोलायचा. एकदा फोन ठेवून तो भिमाजींच्या बाकावर येऊन बसला. भिमाजींनी बिडी पुढं केली, त्यानं घेतली.

एकोणऐंशीच्या एप्रिलअखेर कर्णिक नवा भाग घातलेल्या बारा पेट्या घेऊन आला. मुद्दाम दुपारी दोनची वेळ धरली होती. पत्र्याकडे बघवत नव्हतं. सोजरबाईंनी सकाळी भाकरी बांधून देताना एवढंच म्हटलं होतं, "एक हेलकावा सांगितला तरी नोकरीचं आनखी एक वरीस जाईल. कोन बगायला येतंय."

कर्णिकनं पहिली पेटी पुढं ठेवली. "मीटरप्रमाणे बरोबर आहे," तो म्हणाला. "पण अगदी बारीक फरक याला कळत नाही. तुम्हाला कळतो. तुम्ही हो म्हणालात तर मी पुढं पाठवतो. नाही म्हणालात तर परत काम करतो. घाई नाही."

भिमाजींनी पत्ती फुंकली. पेटी सुरू केली. सगळे हात थांबले; धुरपदानं डागणी टेकवली. भिमाजींनी डोळे मिटले आणि हेलकावा शोधू लागले. वर्षभर रोज तो हजर असायचा, उंबऱ्यावर बसलेल्या माणसासारखा. त्यांनी श्वास संपेपर्यंत वाट पाहिली. पुन्हा फुंकली.

आवाज सरळ गेला.

"न्हाई," ते म्हणाले. "हेलकावा न्हाई. दुसरी आना."

दुसरी सरळ. तिसरी, चौथी सरळ. सातव्या पेटीला त्यांनी हात वर केला. "हिच्यात हाय. अर्धा."

साहेबरावानं झटकन वर पाहिलं. कर्णिकनं पेटी उघडली. आतला मिरीएवढा काळा दाणा डागाला नीट चिकटलाच नव्हता. धुरपदानं तो पुन्हा डागला. भिमाजींनी पुन्हा ऐकलं. "आता गेला," ते म्हणाले.

बाहेर ऊन कलायला लागलं तेव्हा बारावी पेटी समोर आली. ती त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ चालू ठेवली. कर्णिक मान खाली घालून उभा होता. त्यानं घाई केली नाही. वही उघडी होती, त्यातला रकाना रिकामा.

"ही बी झाली," भिमाजी म्हणाले. "शून्य लिवा." आणि त्यांनी पेटीचं बटण बंद केलं.